पोत्याची खोळ आणि छत्रीचं वटवाघूळ



सहामाही परीक्षा संपत आली की आमच्या इस्लापूरच्या पोरांचं लक्ष वर्गात कमी आणि खिडकीबाहेर जास्त असतं. बाहेर सोयाबीन निघालेलं असतं, कापूस फुटायला लागलेला असतो आणि दिवाळीच्या सुट्टीला किती दिवस राहिले ते बोटांवर मोजणं चालू असतं. अशातच कुणीतरी मामाच्या मोबाइलवर काहीतरी पाहून आलं आणि दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग विचारू लागला, "बाई, तिकडची लेकरं दिवाळीत भुताचे कपडे का घालतात?"

ती दिवाळी नव्हे. त्या सणाचं नाव हॅलोविन. तो 31 ऑक्टोबरला, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या सर्व संतांच्या सणाच्या आदल्या रात्री असतो. आयर्लंड आणि स्कॉटलंडकडची ही फार जुनी चाल. सुगी संपून थंडी सुरू होताना मेलेल्यांचे आत्मे गावात फिरतात, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. त्यांना पळवून लावायला लोक सलगमाचा कंद कोरून त्याचा भेसूर चेहरा करत आणि आत दिवा ठेवत. पुढं 19व्या शतकात तिकडची पुष्कळ माणसं पोटासाठी अमेरिकेत गेली. तिथं त्यांना भोपळा मिळाला. सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा! तेव्हापासून भोपळा या सणाचा मानकरी झाला. आता मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार जातात आणि खाऊ मागतात.

गंमत बघा, 2024 साली आपली नरक चतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरलाच आली होती. म्हणजे आपण पहाटे उटणं लावून थंडीत कुडकुडत होतो, त्याच दिवशी रात्री तिकडं भोपळ्यात दिवे लागले. आणि भेसूर चेहऱ्यांसाठी अमेरिकेला कशाला जायला हवं? गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली नरकासुराचे पुतळे उभे राहतात. कागद, पुठ्ठा, गवत, जुने कपडे असं सगळं वापरून केलेला तो दांडगा असुर पहाटेपूर्वी जाळून टाकतात. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. तिथली काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी मारबत 1885 पासून निघते आहे. तिच्याबरोबर बडगे असतात, तेही कागदा-कापडाचेच. गावातली इडापिडा घेऊन जा, असं ओरडत लोक त्यांना शिवेबाहेर नेतात. तेव्हा वाईटाला भिववायचं आणि त्यासाठी घरातलीच अडगळ कामाला लावायची, ही विद्या आपल्याकडंही जुनीच आहे.

आज आपण तीच विद्या शिकणार आहोत. पण त्याआधी थोडं पालकांशी बोलते. मुलांनो, तुम्हीही ऐका.

शाळेत वेशभूषा स्पर्धा ठरली की घराघरात धावपळ सुरू होते. शिवाजी महाराज, झाशीची राणी, परी, वाघ असे सगळे पोशाख आता भाड्यानं मिळतात. कुणी किनवटहून आणतं, कुणी थेट नांदेडहून. एका दिवसाच्या पोशाखासाठी एका माणसाची एका दिवसाची मजुरी सहज जाते. ज्याला जमतं त्यानं आणावा, माझी तक्रार नाही. पण अशाच एका स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेले होते. शाळेचं नाव सांगत नाही. त्या दिवशी चौथीच्या वर्गातले तीन बाक रिकामे होते. आजारी कुणीच नव्हतं. ज्यांच्याकडं घालायला वेश नव्हता ती लेकरं घरी थांबली होती.

त्याच स्पर्धेत एक पोरगा खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन आला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी. पावसाळ्यात तुम्ही ही खोळ पाहिली असेल. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात घुसवला की डोक्यापासून कमरेपर्यंत पावसाचं पाणी लागत नाही. तो मंचावर आला आणि बॅटरी इकडंतिकडं फिरवत म्हणाला, "मी माझा बाप हाव. जागलीला जाऊलालो. डुकरं आली तर ओरडायलाव, झोपू नका." एवढंच! टाळ्या सगळ्यात जास्त त्याला पडल्या. बक्षीस मात्र मिळालं नाही, कारण बाकीचे दोन परीक्षक म्हणाले, "हा कसला वेश? हा तर रोजचाच आहे." मला ते पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. रानडुकरापासून पीक राखायला रात्रभर जागणारा माणूस रंगमंचावर आला, त्याला खर्च शून्य आला आणि तो पोरगा घरी थांबला नाही. वेशभूषेकडून आणखी काय हवं?

आणखी एक गोष्ट पालकांना सांगायची आहे. 'टाकाऊतून टिकाऊ' हे आम्ही शिक्षक सारखं म्हणत असतो. पण प्रत्येक घरात टाकाऊ वस्तू असतातच असं नाही. काही घरी वर्तमानपत्र येत नाही, डबा फुटला तरी त्यात तुळस लागते, साडी विरली की तिची गोधडी होते. तिथं मुलानं "माय, शाळेत टाकाऊ वस्तू आणायला सांगितल्यात" म्हटलं की माऊलीनं द्यायचं काय? म्हणून शाळेसाठी रद्दी लागली तर ती वर्गानं मिळून गोळा करावी. आणि मुलांनो, घरातल्या कुठल्याही वस्तूला कात्री लावण्याआधी विचारायचं. बाबांच्या ज्या सदऱ्याला अजून एक पावसाळा काढायचा आहे, तो टाकाऊ नाही.

चला, आता कामाला लागू.

पहिला मान मुखवट्याचा. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडं आदिवासी बांधवांचा बोहाडा नावाचा उत्सव असतो. त्यात गणपती-सरस्वतीपासून राक्षसांपर्यंत पुष्कळ सोंगं नाचतात आणि त्यांचे मोठमोठे मुखवटे कागदाच्या लगद्याचेही करतात. आपल्याकडं असे मुखवटे दिसत नाहीत, पण लगदा करणारी माणसं मात्र आहेत. आपल्या आज्जीला विचारा. कागद भिजवून, त्यात मेथी घालून, लगद्याच्या टोपल्या तिनं केलेल्या असतील किंवा तिच्या आईला करताना पाहिलेल्या असतील. कधी कधी आज्जी म्हणेल, "काय करायचं ते जुनं?" पण हात लगद्यात गेला की तिला सगळं आठवतं, हे मी सांगून ठेवते.

कृती अशी. मागच्या वर्षीच्या दोन-तीन वह्या आणि थोडी वर्तमानपत्रं घ्या. वहीच्या पिना आठवणीनं काढा. कॅलेंडरचा गुळगुळीत चकचकीत कागद घेऊ नका, तो लवकर विरघळत नाही. कागदाचे नखाएवढे तुकडे करून बादलीत भिजत घाला. तीन दिवस रोज पाणी बदला, नाहीतर वास सुटतो. चौथ्या दिवशी पाणी पिळून कागद उखळात कुटा. उखळ नसेल तर पाट्यावर वाटा. रात्री भिजवलेली मूठभर मेथी वाटून त्यात घाला. मेथी चिकट असते, तिनं लगदा धरून राहतो, आणि तिच्या कडू चवीमुळं कीड लागत नाही असं आज्जी सांगेल. भाकरीच्या पिठासारखा गोळा झाला की लगदा तयार.

आता एक मडकं आडवं ठेवा. दोन्ही बाजूंनी विटांचे तुकडे लावा म्हणजे ते गडगडणार नाही. मडक्यावर जुनी प्लॅस्टिकची पिशवी पसरा, म्हणजे लगदा चिकटून बसत नाही. मडक्याच्या वरच्या निम्म्या अंगावर जाड भाकरीएवढा थर थापा. नाकासाठी, भुवयांसाठी आणि गालासाठी आणखी लगदा लावा. राक्षस करायचा असेल तर नाक मोठं हवं, चेटकिणीची हनुवटी टोकदार हवी. दोन दिवस सावलीत वाळवा. एकदम कडक उन्हात ठेवलं की तडे जातात. अर्धवट वाळलं असताना डोळ्यांची आणि नाकपुड्यांची भोकं मोठ्या माणसाकडून कापून घ्या. डोळ्यांची भोकं वाटतात त्यापेक्षा मोठी ठेवा. मुखवट्याच्या आतून पायाखालचं दिसत नाही आणि बिचारा राक्षस पायरीवर आपटतो! मग उन्हात दोन दिवस. कानांजवळ भोकं पाडून सुतळी ओवली की झालं.

कुणाला घाई असेल तर मडक्यावर कागदाच्या पट्ट्या खळीनं चिकटवत पाच-सहा थर द्यावेत. खळ म्हणजे मैदा पाण्यात शिजवून केलेली लापशी. ती टिकावी म्हणून काही जण त्यात मोरचूद घालतात. तुम्ही अजिबात घालू नका. मोरचूद विषारी असतं आणि मुखवटा तुमच्या नाकातोंडाशी येणार आहे.

रंगासाठी बाजारात जायची गरज नाही. पांढऱ्यासाठी चुना, तांबड्यासाठी गेरू, काळ्यासाठी तव्याखालची काजळी, पिवळ्यासाठी हळद. आणि आता जादू. हळदीच्या पाण्यात कपडे धुण्याच्या साबणाचं पाणी घाला. पिवळं पाणी लालभडक होतं! हळदीत एक रंगद्रव्य असतं, ते अल्कधर्मी पदार्थात लाल दिसतं. चुन्यानंही हेच होतं, आणि पूर्वी हळदीपासून कुंकू करत ते याच गुणावर. पण चुना मोठ्या माणसांनी कालवायचा. तो डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून रंग मुखवट्याला लावायचा, चेहऱ्याला नाही. हळदीचा रंग उन्हात उडतो हेही लक्षात ठेवा. राक्षस सावलीत ठेवावा, म्हणजे त्याचं तेज कायम राहील.

केसांना काय? मक्याच्या कणसाची शेंडी आहे, सुट्या केलेल्या सुतळीचे धागे आहेत. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी डोक्यावर उलगडून बांधली तर चेटकिणीच्या पिंजारलेल्या जटा दिसतात. म्हाताऱ्या भुताची दाढी आमच्याकडं कापसाची, आणि तीही ताजी वेचलेली.

आता छत्री. पावसाळा संपला की प्रत्येक घरात एक तरी मोडकी छत्री कोपऱ्यात उभी असते. दांडा गेलेला, दोन काड्या बाहेर आलेल्या. तिच्या काड्या मोजा. बहुतेक छत्र्यांना आठ असतात. मोठ्या माणसाच्या मदतीनं कापड काड्यांवरून सोडवून घ्या, लोखंड भंगारवाल्यासाठी बाजूला ठेवा. कापड बरोबर मधून कापा, प्रत्येक अर्ध्यात चार पाकळ्या येतील. कापलेली सरळ कड पाठीवरून दोन्ही हातांच्या बाजूनं न्या आणि जुन्या सदऱ्याच्या बाह्यांना टाचा. खालची कड आपोआप वटवाघळाच्या पंखासारखी कमानदार असते. हात पसरा, झालं वटवाघूळ! एका छत्रीत दोन होतात, त्यामुळं बहीण-भावाचं भांडण नाही.

ही नक्कल इतकी चांगली का जमते माहीत आहे? वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच असतो. त्याची बोटं खूप लांब वाढलेली असतात आणि त्यांच्यामध्ये पातळ कातडी ताणलेली असते. छत्रीच्या काड्या म्हणजे जणू ती बोटं आणि कापड म्हणजे कातडी. वटवाघूळ हे पक्षी नाही, अंडी घालत नाही, पिलांना दूध पाजतं. आपल्याकडची बरीच वटवाघळं रात्रभर किडे खातात, म्हणजे तीही एक प्रकारची जागलच.

दारापुढं काय ठेवायचं हा प्रश्न मी विचारतच नाही, कारण त्याचं उत्तर रानात उभं आहे. बुजगावणं! दोन तुराट्या आडव्या-उभ्या बांधा, फाटका सदरा घाला, आत सोयाबीनचं भूस भरा, डोक्याला फुटकं काळं मडकं आणि त्यावर चुन्याचे डोळे. यात मी तुम्हाला शिकवण्यासारखं काही नाही, तुम्हीच मला शिकवाल. फक्त बुजगावणं शेतातून उचलून आणू नका. तिथं त्याला काम आहे.

भोपळा मात्र कोरू नका बाई! कोरून फेकण्यापेक्षा त्याच्या घाऱ्या कराव्यात. दिवा हवा असेल तर पत्र्याचा डबा घ्या. त्यात ओली वाळू ठासून भरा आणि मग खिळा-हातोडीनं डोळे, नाक, दात यांच्या रेषेत भोकं पाडा. वाळू भरल्यामुळं पत्रा चेपत नाही. वाळू काढून आत पणती ठेवली की भिंतीवर चेहरा उमटतो. डब्याची कड धारदार असते, तिथं मोठ्यांचा हात लागू द्या.

पणतीवरून आठवलं. दिवाळीत अंगणभर दिवे असतात आणि फटाकेही. भुताचा लांब झगा घालून त्यांच्याजवळ जायचं नाही. नायलॉन, पॉलिस्टरचं कापड पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. जुनं सुती धोतर त्यापेक्षा बरं, पण तेही पेटतंच. म्हणून झगा घोट्याच्या वरच ठेवा आणि कागदाच्या मुखवट्याजवळ पणती नको, बॅटरी वापरा. थर्माकोलच्या सजावटीला आपल्या राज्यात 2018 पासून बंदी आहे. तो कुजत नाही आणि जळला तर घाण धूर सोडतो, तेव्हा घरात पडलेला असला तरी त्याचे दात-नखं करू नका.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते आजची सगळ्यात महत्त्वाची. भुतांच्या गप्पा चालू असताना वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "बाई, माझे आजोबा घुसाडी होतात. पोरं म्हणाली ते बी भूतच दिसतात. ते भूत हाईत का?"

आमच्या किनवट-माहूर भागात आणि शेजारच्या आदिलाबादकडं गोंड आणि कोलाम समाजाच्या गावांत दिवाळीच्या दिवसांत दंडारी असते. एका गावची दंडारी दुसऱ्या गावी पाहुणी जाते, तिचं स्वागत होतं, ढोल वाजतात, रात्र रात्र नाच चालतो. त्यातला घुसाडी म्हणजे मोरपिसांचा भला मोठा टोप घातलेला, अंगाला राख फासलेला, खांद्यावर कातडं आणि हातात काठी घेतलेला. नवख्या माणसाला तो पाहून धडकी भरते, हे खरं. पण ते सोंग नव्हे. त्या दिवसांत घुसाडी आंघोळही करत नाही, नेम पाळतो, आणि त्या टोपाची पूजा होते. त्याच्यात देव येतो अशी त्यांची श्रद्धा आहे. याच घुसाडी नृत्यासाठी मार्लवाई गावच्या कनकराजू यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. 2024 मध्ये त्यांचं निधन झालं. तेलंगणातल्या एका लहान गावातला हा माणूस आयुष्यभर तो नाच नाचला आणि त्यानं तो कित्येकांना शिकवला.

त्या मुलीला मी म्हटलं, "नाही गं बाळा. भूत माणसांना भिववतं. तुझे आजोबा देवाचं काम करतात." मग तिला विचारलं, दंडारीत काय काय असतं ते तू वर्गाला सांगशील का? आधी ती लाजली. पण टोप कसा बांधतात हे सांगताना तिचे हात असे काही चालले की पोरं गप्प बसून बघत राहिली.

म्हणून एक विनंती. वेशभूषेसाठी राक्षस करा, चेटकीण करा, वटवाघूळ करा, जागलीला निघालेले बाबा करा. घुसाडी मात्र करू नका. पिसं खोचून, राख फासून मंचावर 'हू हू' करत उड्या मारल्या की बाकीचे हसतात, आणि ज्याचे आजोबा खरोखर तो टोप घालतात तो पोरगा खाली मान घालतो. पालकांनो आणि माझ्या शिक्षक भावा-बहिणींनो, हे आपणच सांभाळायचं आहे. 'आदिवासी नाच' म्हणून पानं गुंडाळून मुलं उभी करायची सवयही आता सोडायला हरकत नाही. दंडारी पाहायचीच असेल तर दिवाळीत त्या गावी पाहुणे म्हणून जा, मोठ्यांना विचारून बसा. आणि हो, रानात गळून पडलेलं मोरपीस सापडलं तर वहीत जरूर ठेवा, पण पिसासाठी मोराला कुणी त्रास देत असेल तर घरी येऊन सांगा. मोर मारणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

सुट्टीत तुम्ही काय केलंत ते मला पोस्टकार्डावर कळवा. फोटो नसला तरी चालेल, चित्र काढून पाठवा. आणि लगदा कुणी कुटला तेही लिहा. डोळ्यांची भोकं चुकून फार मोठी झाली तर घाबरू नका, तो मुखवटा उलटा करून भिंतीला टांगा, लसणाच्या गड्ड्या ठेवायला बरा पडतो. पुढच्या आठवड्यात करवंट्या जमवून ठेवा.

तुमच्या,
बाई